अर्धेलीच्या कोंबड्या

"चार कोंबड्या घराच्या, पाचवी जंगलाची," असं माझ्या सासूबाईंनी मला सांगितलं होतं आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्याला तसं कारणही होतं. धुरपताबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दिवसभरात इतकं काही सांगायच्या की सगळं मनावर घेतलं असतं तर मला जागचं हलता आलं नसतं. झाडू उभा ठेवू नोको. तिन्हीसांजेले केस मोकळे सोडू नोको. लेकराले आरसा दाखवू नोको. मोबाइल उशाशी घेऊन झोपू नोको, डोक्यात गाठ होते. तांदळातले खडे निवडता येतात, कारण खडा वेगळा दिसतो. त्यांच्या बोलण्यात खडा कोणता आणि दाणा कोणता, हे मला कधी कळलं नाही.

आम्ही ऊर्जानगरहून पळसटोलीला आलो ते संबोधीच्या खोकल्यामुळे. राजदीप, माझा नवरा, तिथे एका ठेकेदाराकडे कामाला होता. भाड्याची खोली होती. दोरीवरचे कपडे संध्याकाळी झटकले की वीज केंद्राची राख उडायची, आणि आमची अडीच वर्षांची पोर रात्र रात्र खोकायची. डॉक्टर म्हणाले, काही महिने हवा बदलून बघा. राजदीपच्या वडिलांची धानाची थोडी जमीन आणि कवेलूचं, कौलारू घर कुरखेड्याकडच्या या टोलीत होतंच, आई तिथे एकट्याच राहत होत्या. जायचं तर पाहुण्यासारखं नाही, राहायलाच जायचं, असं आम्ही ठरवलं. मी वरोऱ्याच्या कॉलेजातून प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलेली. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून माझ्या डोक्यात एक चित्र तयार झालं होतं: तांदूळ आपला, लाखोळीची डाळ आपली, भाजी आपल्या सांदवाडीतली, अंडी आपल्या कोंबड्यांची. विकत आणायचं ते फक्त मीठ, चहा आणि साखर. घरामागच्या कुंपणातल्या जागेला इकडे सांदवाडी म्हणतात. आमच्या सांदवाडीच्या पलीकडे एक नाला होता आणि नाल्यापलीकडे जंगल.

पहिली कोंबडी जयानं दिली. जया म्हणजे तलावाकडच्या ओळीत राहणारी, ढिवरांच्या घरची सून, माझ्याच वयाची. तिचा नवरा भूपेश तलावात जाळं टाकायचा, आणि ती रोज सकाळी डोक्यावर मासोळ्यांचं टोपलं घेऊन आमच्या दारावरून जायची. मी कोंबड्या घेणार म्हणून कळल्यावर ती हसली.

"कोंबडी इकत घ्याची नसते वहिनी. अर्धेलीनं घ्याची," ती म्हणाली. "इकतची टिकत नाई."

अर्धेलीची रीत तिनं मला उंबऱ्यावर बसून समजावून सांगितली. एकीनं खुडूक कोंबडी आणि अंडी द्यायची, दुसरीनं दाणापाणी करून पिल्लं वाढवायची. कोंबडी देणारीचीच राहते. पिल्लं मोठी झाली की निम्मी तिची, निम्मी हिची. पण वाटा दोघींच्या समोर, अंगणात, उजेडात. तोवर एकही पिल्लू कापायचं नाही, विकायचं नाही, कोणाला द्यायचं नाही. मेलं तर तेसुद्धा दाखवायचं. कोणी विश्वास ठेवत नाही म्हणून नव्हे. उद्या कोणी बोलायला नको म्हणून.

तिची तपकिरी कोंबडी मी तणसाच्या टोपल्यात, चुलीजवळच्या कोपऱ्यात बसवली. पिल्लं निघाली त्या दिवशी संबोधी दिवसभर टोपल्यासमोर मांडी घालून बसली होती. कणी, कोंडा, वारुळाचा तुकडा फोडून त्यातली वाळवी असं मी त्यांना खाऊ घालत होते. एक घारीनं नेलं, एक पाण्यात पडून मेलं, तेवढंच. वाट्याच्या दिवशी जयानं मुद्दाम लंगडं पिल्लू आपल्याकडे ओढलं आणि मी मुद्दाम ते परत घेतलं. आई ओसरीवरून म्हणाल्या, "दोघी अशाच वाटून राह्यल्या तं लंगडंच शेवटी राजा होईल." खूप हसलो आम्ही. चित्रातल्यासारखं सगळं जमून येत होतं.

मग मला हाव सुटली, असं आई म्हणत. मी त्याला नियोजन म्हणत होते. गावात चार-चार कोंबड्या सगळ्यांकडे असतात. संध्याकाळी त्या बांबूच्या मोठ्या टोपल्याखाली, डालग्याखाली, घराला लागून असलेल्या सपरीत झाकतात. वर दगड ठेवला की झालं. मला सपरीत कोंबड्या नको होत्या. संबोधीला पुन्हा छातीचं काही झालं तर, ही भीती मला झोपेतही असायची. मी राजदीपकडून सांदवाडीत खुराडं बांधून घेतलं. जाळी, पत्रा, आत बसायला आडव्या काठ्या, पिल्लांसाठी बल्ब. आणि ते बांधलं आमच्या झोपायच्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागूनच. मुंगूस आलं, साप आला तर मला अंथरुणातून ऐकू यावं म्हणून. पावसाळा संपेपर्यंत कोंबड्यांची मोजदाद माझी मलाच राहिली नव्हती.

त्याच सुमारास आईंनी ते पाचव्या कोंबडीचं सांगितलं. मी म्हटलं, आई, जाळी आहे ना. त्या म्हणाल्या, "जाळी दिसते तुले. त्याले वास दिसते."

आधी कुत्र्याचं वागणं बदललं. आमच्याकडे एक पिवळं कुत्रं आपणहून येऊन राहिलं होतं, ते सांदवाडीत खुराड्याशेजारी झोपायचं. धान कापून झालं तसं ते संध्याकाळी मागे जायचं बंद झालं. पुढच्या दाराशी बसायचं, आणि दार उघडलं की आत शिरून खाटेखाली. मारलं तरी बाहेर निघायचं नाही. मग कोंबड्यांनी खुराडं सोडलं. दिवस मावळायला लागला की त्या एकेक करून फणसावर चढायच्या. मी काठीनं हाकलत, आ आ करत, कणी टाकत त्यांना उतरवायची आणि कोंबायची खुराड्यात. आत गेल्यावरही त्या काठ्यांवर बसत नव्हत्या. भिंतीला चिकटून, एकीवर एक, ढीग करून बसायच्या. माझ्या खोलीच्या भिंतीला. पलीकडे संबोधीची गादी होती.

मी पुस्तकातलं शोधत बसले. पिसवा असतील, थंडी असेल. खुराड्याला चुना लावला.

एका सकाळी कुत्रं नव्हतं. गावात कुत्री जातात, येतात. पण न्हाणीचं पाणी जिथून नाल्याकडे वाहतं तिथल्या चिखलात ठसा होता. त्याच्या पुढे दुसरा. ते ठसे कुंपणातून आत आले होते आणि खुराड्याच्या दाराकडे वळलेच नव्हते. सरळ भिंतीपाशी गेले होते, आमच्या खोलीच्या. तिथली माती दबलेली होती, लांबट, जनावर पोटावर बसल्यावर दबते तशी. राजदीपनं त्यावर हात ठेवून पाहिला आणि सरळ वनरक्षकाला फोन लावला.

वनरक्षक धनराज गावातलाच जावई. त्यानं फणसाला कॅमेरा बांधला आणि काही दिवसांनी येऊन फोटो दाखवले. बिबट होता. मला वाटलं होतं जाळीला पंजे मारतानाचा, दात दाखवतानाचा फोटो असेल. तसं काहीच नव्हतं. एकामागून एक फोटोत तो भिंतीपाशी बसलेला, मान जरा तिरपी. कान भिंतीकडे. फोटो बदलत होते, खाली वेळ बदलत होती, तो तसाच.

"कोंबड्या ऐकून राह्यला," राजदीप म्हणाला.

धनराजनं माझ्याकडे बघितलं नाही. "इले घाई नाई," तो म्हणाला. म्हणजे मादी होती ती. आणि मग त्यानं हळूच विचारलं, लेकरू रात्री खोकते का?

त्या दिवसापासून आमची खाट पुढच्या खोलीत आली. पिंजरा लागला, त्यात बकरी बांधली, ती बकरी ओरडून ओरडून थकली आणि बिबट पिंजऱ्याकडे फिरकलीही नाही. कोंबड्या आम्ही गावाच्या रीतीनं सपरीत, डालग्याखाली झाकायला लागलो. आई म्हणाल्या, चार ठेव, बाकीच्या काप नाहीतर बाजारी धाड. राजदीपचंही तेच म्हणणं. पण तीन कोंबड्या अंड्यांवर बसल्या होत्या. मी म्हटलं, पिल्लं निघू देत. कोंबड्या आता घरात होत्या, खुराडं रिकामं होतं, दिवसा माणसांचा वावर होता. मला ते पुरेसं वाटलं. आणि काही दिवस खरंच काही झालं नाही. चिखलात ठसे दिसले नाहीत. मी रोज पाहत होते.

संबोधीला नवा खेळ सुचला होता. अंगणात एक रिकामं डालगं असायचं, त्याखाली ती शिरायची आणि कोंबडीसारखं कुक् कुक् करायची. मी जवळ जाऊन विचारायचं, कोंबडीबाई, अंडं दिलं का? मग ती डालगं उचलून बाहेर यायची आणि माझ्या हातावर चिंचोका नाहीतर खडा ठेवायची. कितीही वेळा. मी हाक मारली की डालगं उचललंच तिनं. इतर वेळी मी कितीही हाका मारल्या तरी न येणारी पोर.

पौषातली संध्याकाळ होती. अजून उजेड होता, आकाश पिवळं होतं. राजदीप धान भरडायला गिरणीवर गेला होता. आई आत चुलीपाशी होत्या. मी कोंबड्या आणून सपरीत दोन डालग्यांखाली झाकल्या, दगड ठेवायचे राहिले होते. संबोधी अंगणात तिच्या डालग्याखाली होती, कुक् कुक् चालू होतं. मी कणीचं भांडं आत ठेवायला गेले. आत जाऊन बाहेर यायला लागतो तेवढाच वेळ.

बाहेर आले तर ती अंगणात उभी होती. बिबट. डालग्याला लागून. ती त्याच्याभोवती फिरत नव्हती, हुंगत नव्हती. मान खाली घालून उभी होती, आणि तिची मान जरा तिरपी होती.

आतून संबोधी कुक् कुक् करत होती.

मी ओरडले नाही. लोक मला विचारतात, काऊन नाई ओरडली? मी ओरडले असते तर माझ्या पोरीनं ते डालगं उचललं असतं. ती बाहेर आली असती, हातात चिंचोका घेऊन.

बिबटीनं पुढचा पाय उचलून डालग्यावर ठेवला. बांबू करकरला. कुक् कुक् थांबलं. मग आतून संबोधीचा आवाज आला, जरा चिडलेला.

"थांब नं आई. अजून नाई देल्लं."

बिबटीचे कान हलले. तिनं दुसरा पाय उचलला.

माझ्या पायाजवळ कोंबड्यांचं डालगं होतं. मी पायानंच ते उलथवलं. कोंबड्या फडफडत, ओरडत अंगणात पसरल्या, एक तर सरळ तिच्या तोंडावरून उडाली. पुढचं मला नीट सांगता येत नाही. धूळ होती, पिसं होती, पांढऱ्या कोंबडीचा आवाज मध्येच तुटला. बिबट कुंपणावरून गेली तेव्हा तिच्या तोंडात पांढरं काहीतरी लोंबत होतं. मी डालग्यावर पडले, दोन्ही हातांनी ते दाबून धरलं, आणि आतून पोर रडत होती, आई जड होते, आई उठ. सासूबाई चुलीतलं पेटतं लाकूड घेऊन बाहेर आल्या, त्यांनी ते कुंपणाकडे फेकलं, आणि मग आम्ही तिघी तिथेच मातीत बसलो.

राजदीप आल्यावर त्याला सगळं सांगितलं. त्याचं ऐकून झाल्यावर आई म्हणाल्या, "पोरगी वाचली. पण त्या जनावराले समजलं बापा, डालग्याखाली खाणं असते म्हून."

दुसऱ्या दिवशी सारी टोली येऊन गेली. आईंनी सुरा घासून ठेवला होता. सगळ्या कोंबड्या कापायच्या आणि घरोघर वाटायच्या, असं ठरलं. आम्ही ऊर्जानगरला परत जाणार होतो, आईंनाही घेऊन. राजदीपनं जुन्या ठेकेदाराला फोन केला होता. तेवढ्यात जया आली. तिनं आधी संबोधीला मांडीवर घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवत बराच वेळ बसली. मग सुरा पाहून म्हणाली, अंड्यावरच्या कोंबड्या कापता काय वहिनी? पाप लागते. मले द्या अर्धेलीनं.

मी नाहीच म्हटलं. मी तिला सगळं सांगितलं, ती भिंत, तो तिरपा कान. तिला ते माहीत होतं, गावालाच माहीत होतं. ती म्हणाली, तुमचं घर जंगलाच्या तोंडात, माझं तलावाच्या ओळीत. एकीकडे मुखरूभाऊ, दुसरीकडे जंगूबाई, रात्री कोणी खोकललं तं समद्याइले ऐकू येते. बिबट तिथी येऊन कुठी बसंल? भूपेश मिरची तोडायला तेलंगणात जाणार होता, मागे तिच्याजवळ दोन लेकरं, धाकटी तर अंगावर पिणारी. अंडी झाली तर पोरांच्या पोटात जातील, असं तिचं म्हणणं. खरंच तिची ओळ दाट होती. ओसरीला ओसरी लागलेली. राजदीपलाही पटलं. आई तेवढ्या सुरा उचलून तरातरा आत निघून गेल्या.

मी म्हटलं, अर्धेली कशाला, अशाच घे. तशी ती उठून उभी राहिली.

"फुकटची नोको. लोक म्हणतीन, मास्तरच्या घरची अडचण पाह्यली अन् कोंबड्या खाल्ल्या. वाटा तुमच्या समोरच करीन."

राजदीपचे वडील शाळेत मास्तर होते, म्हणून आमचं घर मास्तरचं. मी हो म्हटलं आणि सगळ्या कोंबड्या तिच्या अंगणात नेऊन दिल्या. मला वाटलं, नंतर फोनवर सांगून टाकता येईल की सगळ्या तुझ्याच.

आम्हाला ऊर्जानगरला येऊन महिन्याच्या वर झालं. संबोधी पुन्हा खोकते, पण झोपते. जयाचा साधा फोन आहे, टोलीत टॉवर लागला तर लागतो. सुरुवातीला तिचा आवाज आनंदी असायचा. पिल्लं निघाली, लंगडीच्या पोटची लंगडी नाही निघाली, असं काहीबाही. भूपेश मिरचीला गेला. मग पुढच्या फोनला म्हणाली, जंगूबाईही गेली मिरचीले, पोरं-सुना घेऊन. मी विचारलं, मुखरूभाऊ आहेत ना? आहेत म्हणाली, पण ते शेतावरच झोपतात आता, रानडुकरं लाखोळी उकरून राह्यले. दरवर्षीच या दिवसांत टोली अर्धी रिकामी होते. मला हे माहीत असायला हवं होतं. गेल्या वर्षीही मी पाहिलं होतं की. पण त्या दिवशी जयाच्या अंगणात उभं राहून मी फक्त ओसरीला लागलेल्या ओसऱ्या पाहिल्या.

मी तिला त्याच फोनवर म्हटलं, जया, कोंबड्या काप. सगळ्या. आजच.

"वाटा झाल्याबिगर?" ती म्हणाली.

मी म्हटलं मला वाटा नको. ती हसली. फोनवरचं बोलणं कोणं पाह्यलं वहिनी, तुम्ही या, अंगणात उभं राहून म्हणा का नोको, मंग मी तुमच्यासमोरच कापतो. मी पुन्हा पुन्हा सांगितलं. ती म्हणत होती, हो हो, या ना येत्या आठवड्यात, संबोधीलेही आणा, पिल्लं पाहील. मी रडकुंडीला आले होते, आणि ती मला समजावत होती. शेवटी मी विचारलं, तुझं कुत्रं कुठे झोपते?

"खाटेखाली शिरून बसते आजकाल," ती म्हणाली. "थंडी हाये ना."

मी राजदीपला म्हटलं, आत्ताच्या आत्ता निघायचं. पण त्या रात्री संबोधीला ताप चढला, छातीत घरघर सुरू झाली, दवाखान्यात ठेवावं लागलं. तिच्या उशाशी बसून मी जयाला फोन लावत होते. आधी घंटी जायची, कोणी उचलायचं नाही. मग ती बाई बोलायला लागली, आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती. धनराजचा फोन लागला, पण त्याची बदली दुसरीकडे झालेली. त्यानं नव्या वनरक्षकाला कळवतो म्हटलं, आणि कळवलंही असेल. त्याचं जंगल मोठं आहे. मुखरूभाऊंचा फोन आज सकाळी लागला. ते शेतावर होते, तलावाच्या पाळीवरून, बांधावरूनच, घराकडे नजर टाकली होती म्हणाले.

"दार लावेल दिसलं सूनबाई. गेली असंल तेही मिरचीले, भूपेशकडे."

मी म्हटलं, अंगावरचं पोर घेऊन कशी जाईल? आणि कोंबड्या? तिनं कोंबड्या कोणाकडे ठेवल्या? ते म्हणाले, कोंबड्या तं दिसल्या नाई. मी म्हटलं, मुखरूभाऊ, पाळीवरून नका पाहू, जवळ जा, दाराशी जा. हो म्हणाले. त्यानंतर त्यांचाही फोन लागत नाही.

आई दवाखान्यात माझ्या शेजारी बसल्या आहेत. त्या मला आज काहीच सांगत नाहीत, कोणतीच गोष्ट करू नोको म्हणत नाहीत, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटते आहे. राजदीप मावशीला संबोधीजवळ बसवायला वरोऱ्याहून आणायला गेला आहे. ती आली की उद्या पहाटेच्या पहिल्या बसनं तो आणि मी निघू. कुरखेड्याला उतरून पुढे मिळेल त्या गाडीनं. दुपारपर्यंत पोचू. पण मध्ये आजची सांज आहे.

जया माझ्या शब्दासाठी थांबली आहे. तिनं दार लावलं असेल तर ते आतून लावलं असेल, लेकरांना जवळ घेऊन, आणि कोंबड्याही आतच घेतल्या असतील, कारण त्यांत माझा वाटा आहे आणि तो होईपर्यंत त्या तिला सांभाळायच्या आहेत. एकाच खोलीचं घर आहे ते. मागची भिंत मातीची आहे, तिच्या मागे बेशरमाची झाडी आहे आणि मग तलावाचं पाणी.

म्हणून हे लिहिते आहे आणि ओळखीच्या, अनोळखी, दिसेल त्याला पाठवते आहे. तुम्ही कुरखेड्याच्या बाजूचे असाल, तिकडे बाजाराला, लग्नाला, कशालाही गेलेले असाल, तर पळसटोलीकडे वळा. दिवस मावळायच्या आत. एकटे जाऊ नका, आणि वस्तीत शिरल्यापासून मोठ्यानं बोलत जा. तलावाकडच्या ओळीत निळ्या दाराचं घर विचारा, भूपेशचं घर म्हणा. दार वाजवा. तिला सांगा, डिंपलवहिनीनं पाठवलंय, वाटा नको म्हणाली, सगळ्या तुझ्याच, आमच्यासमोर काप. साक्षीला तुम्ही उभे राहा, म्हणजे उद्या कोणी तिला बोलणार नाही. आतून आवाज आला नाही तर परत फिरू नका. मागच्या बाजूनं जाऊन भिंत पाहा, आणि जया आणि तिची दोन्ही लेकरं डोळ्यांनी दिसेपर्यंत तिथून हलू नका.